गळ, डोह आणि रानवाटा : पुण्यातल्या वाचकासाठी

मासेमारी आणि रानातली भटकंती या विषयांवरची पुस्तके इंग्रजीत शेजारीशेजारी मांडलेली असतात. आयझॅक वॉल्टनचे ‘द कम्प्लीट अँगलर’ १६५३ मध्ये निघाले, आणि नदीकाठी गळ टाकून बसणाऱ्याने लिहावे, इतरांनी ते घरी बसून वाचावे, अशी तिकडे रीतच पडली. मराठीत तसे झाले नाही. रानावरची पुस्तके इथे भरपूर आहेत, किल्ल्यांवरची तर विचारायलाच नको. पण हौसेने मासे धरणाऱ्याचे अनुभव शोधू गेल्यास हाती बहुधा मत्स्यशेतीच्या पुस्तिका आणि कालवणांच्या पाककृती लागतात. याचे कारण समाजात आहे. मासे धरणे हे कोळी, भोई, ढीवर यांचे पोटापाण्याचे काम होते. ज्यांच्या हाती जाळे होते त्यांच्या हाती लेखणी उशिरा आली, आणि लेखणी बाळगणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरात मासा शिजतच नव्हता.

तरीही मराठीत पाण्याचे आणि माशांचे लेखन नाही, असे म्हणता येत नाही. ते वनाधिकाऱ्याच्या आठवणींत आहे, मावळातल्या कादंबरीत आहे, दोन-तीन थोर अनुवादांत आहे आणि पुण्याच्या नद्यांवर झालेल्या शास्त्रीय कामात आहे. वाचकाने ‘मासेमारी’ या शब्दाखाली शोध न घेता पाणी आणि रान ज्यांनी जवळून पाहिले त्यांच्याकडे जावे.

सुरुवात मारुती चितमपल्लींपासून करणे सर्वांत सोयीचे. जन्म १९३२ चा, सोलापूरचा. कोइमतूरच्या वन महाविद्यालयात शिक्षण, मग महाराष्ट्राच्या वनखात्यात उभी नोकरी. कर्नाळा, नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट ही त्यांच्या लेखनातली मुख्य ठिकाणे. २००६ मध्ये सोलापूरला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये त्यांचे निधन झाले. पुस्तकांची संख्या मोठी असल्यामुळे नवा वाचक कुठून आत शिरावे याच पेचात पडतो. ‘रानवाटा’ किंवा ‘पक्षी जाय दिगंतरा’ यांपैकी एक आधी वाचावे. लेख सुटे आहेत, एका बैठकीत दोन-तीन होतात, आणि लेखकाच्या नजरेची सवय लागते. त्यानंतर ‘नवेगावबांधचे दिवस’ घ्यावे. पाण्याची ओढ असलेल्या वाचकाला यातून सर्वांत जास्त मिळते, कारण पूर्व विदर्भातला तो विस्तीर्ण तलाव हाच या पुस्तकाचा प्राण आहे. तिथले पाणपक्षी, काठावरचे रान, तलावावर जगणारी माणसे आणि त्यांचे ज्ञान हे सगळे एकत्र येते. ‘चकवाचांदण’ हे आत्मचरित्र मात्र शेवटी ठेवावे. ते जाडजूड आहे, आणि आधीची पुस्तके वाचलेली असली की त्यातली माणसे व ठिकाणे ओळखीची होऊन भेटतात.

चितमपल्ली वाचताना शेजारी वही ठेवणे फायद्याचे. रानातल्या माणसांकडून ऐकलेले शब्द त्यांनी आयुष्यभर जमवले आणि पुढे कोशांच्या रूपाने मांडले. त्यांचा ‘पक्षिकोश’ हा पक्ष्यांची मराठी नावे पाहण्यासाठी घरात असावा असा ग्रंथ आहे. वहीत नाव, गाव आणि महिना एवढे तरी टिपावे. विदर्भात एका पक्ष्याला जे म्हणतात ते मावळात म्हणत नाहीत, हे पुढे बाहेर फिरताना फार उपयोगी पडते. त्यांच्या लेखनात निरीक्षण, ऐकीव माहिती आणि जुन्या ग्रंथांतले दाखले एकमेकांत मिसळलेले असतात. कोणते वाक्य कशातून आले आहे हे ओळखत वाचले, तर गोडी कमी होत नाही आणि फसगतही टळते.

व्यंकटेश माडगूळकर दुसरे. ते पुण्यातच राहिले, आकाशवाणी पुणे केंद्रावर त्यांनी नोकरी केली आणि सुट्टी मिळाली की रान गाठले. ‘नागझिरा’ हे त्यांच्या तिथल्या मुक्कामाचे छोटे पुस्तक. चितमपल्ली रानाचे रहिवासी. माडगूळकर पाहुणे म्हणून जातात आणि पाहुण्याच्या ताज्या डोळ्यांनी पाहतात. वाक्ये आखूड, विशेषणे मोजकी. रानात एकट्याने कसे बसावे, पाणवठ्यावर किती वेळ गप्प राहावे, चितळांचा कळप बुजला म्हणजे नेमके काय होते, हे त्यांच्याकडून शिकावे. ‘सत्तांतर’ ही वानरांच्या टोळ्यांमधल्या संघर्षाची लघुकादंबरी. तिला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ती एका दुपारीत संपते. वाचून झाल्यावर घाटात दिसणाऱ्या काळतोंड्या वानरांकडे वाचक निराळ्या नजरेने पाहू लागतो : नर कोणता, पिले कुणाकडे आहेत, टोळीच्या कडेला कोण बसले आहे. ज्याला मराठीतले एकच रानपुस्तक वाचायचे असेल त्याने हेच वाचावे.

दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ चे. ते सलग वाचू नये. चैत्रात चैत्र वाचावा, आषाढात आषाढ, आणि तो महिना संपेपर्यंत पुस्तक टेबलावरच राहू द्यावे. पुण्यात राहणाऱ्याला रान पाहायला दूर जाण्याची गरज नाही, हे या पुस्तकाइतके दुसरे कोणतेही पटवत नाही. वेताळ टेकडी, एम्प्रेस गार्डन किंवा रस्त्याकडेची झाडे एवढ्यावर ते वाचता येते. झाड ओळखण्याची अडचण येईल तिथे श्रीकांत इंगळहळीकर आणि शर्वरी बर्वे यांचे ‘ट्रीज ऑफ पुणे’ कामी येते. इंगळहळीकरांचेच ‘फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री’ पावसाळ्यात आणि पावसाळा संपताना घाटमाथ्यावर जाणाऱ्याने पिशवीत टाकावे.

गो. नी. दांडेकर तळेगाव दाभाड्याला राहत. त्यांच्या कादंबऱ्यांचा मुलूख पुण्याहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल एवढा जवळ आहे. ‘माचीवरला बुधा’ राजमाचीची आणि ‘पवनाकाठचा धोंडी’ पवन मावळातली. या दुसऱ्या कादंबरीकडे पाण्याच्या वाचकाने विशेष लक्ष द्यावे. तीत जो पवनाकाठ आहे तो आज त्या रूपात उरलेला नाही. सत्तरच्या दशकात पवना धरण पूर्ण झाले आणि तुंग-तिकोन्याच्या पायथ्याची खोऱ्यातली जमीन पाण्याखाली गेली. कादंबरी वाचून तुंगावर चढावे आणि माथ्यावरून खाली पसरलेला जलाशय पाहावा. वाहती नदी आणि अडवलेले पाणी यांत काय फरक पडतो, गावे कुठे असतील, ओढे कुठून उतरत असतील, याचा अंदाज घेण्याचा तो चांगला धडा आहे. डोंगरांसाठी गोनीदांचीच ‘दुर्गभ्रमणगाथा’ आहे. वाटा समजून घ्यायला आनंद पाळंदे यांचे ‘डोंगरयात्रा’ अजून उपयोगी आहे. जुन्या पुस्तकातल्या वाटेवर मात्र डोळे मिटून जाऊ नये. दरड कोसळते, कुंपण पडते, पायवाटेचा रस्ता होतो. पायथ्याच्या गावात विचारूनच पुढे निघावे.

अनुवादांच्या बाबतीत मराठी वाचक खरोखर भाग्यवान आहे. मासेमारीवरची जगातली सर्वांत प्रसिद्ध छोटी कादंबरी म्हणजे अर्नेस्ट हेमिंग्वेची ‘द ओल्ड मॅन अँड द सी’. ती १९५२ मध्ये आली, १९५३ मध्ये तिला पुलित्झर मिळाले आणि १९५४ मध्ये लेखकाला नोबेल. मराठीत ती पु. ल. देशपांड्यांनी ‘एका कोळियाने’ या नावाने आणली. चौऱ्याऐंशी दिवस मासा न मिळालेला म्हातारा कोळी एकटा खोल समुद्रात जातो, प्रचंड मार्लिन गळाला लागतो आणि पुढे सगळी झुंज चालते. ही कादंबरी धैर्याची गोष्ट म्हणून वाचली जाते, ते ठीकच. मात्र तिच्यातले कामाचे तपशील अनेकदा नजरेतून सुटतात : दोऱ्या वेगवेगळ्या खोलीवर कशा सोडल्या आहेत, आमिषात गळ कसा दडवला आहे, ओढ लागल्यावर दोरी पाठीवरून कशी घेतली आहे, ताण किती ठेवायचा, सैल कधी सोडायची. एकदा गोष्टीसाठी आणि दुसऱ्यांदा फक्त या हातकामासाठी वाचावी. रत्नागिरी किंवा हर्णैच्या बंदरावर एखादी सकाळ काढलेल्या वाचकाला दुसरे वाचन जास्त भिडते.

हेन्री डेव्हिड थोरोचे १८५४ चे ‘वॉल्डन’ दुर्गा भागवतांनी ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ म्हणून मराठीत आणले. त्यातली तळ्यावरची प्रकरणे मासेमारीच्या वाचकाने आधी घ्यावीत. रात्री होडीत बसून गळ टाकणारा थोरो त्यांत भेटतो, आणि हिवाळ्यात गोठलेल्या तळ्याला भोके पाडून दोरीने खोली मोजणाराही. तळ्याला तळच नाही अशी गावात समजूत होती. त्याने मोजून सर्वांत खोल जागा १०२ फूट असल्याचे दाखवले. पाण्याविषयीच्या ऐकीव गोष्टी तपासून पाहाव्यात, पण त्या सांगणाऱ्याला हिणवू नये, ही त्याची रीत आपल्याकडच्या ‘अथांग’ डोहांच्या बाबतीतही लागू पडते. मासे मारावेत की नाही याविषयी त्याच्या मनात चाललेली ओढाताणही त्याने लपवलेली नाही. हौसेने गळ टाकणाऱ्याने ती प्रामाणिकपणे वाचावी.

तिसरा अनुवाद राम पटवर्धनांचा ‘पाडस’. मूळ कादंबरी मार्जोरी किनन रॉलिंग्जची, १९३८ ची, फ्लॉरिडाच्या रानातली. ज्या घरात दहा-बारा वर्षांचे मूल आहे तिथे हे पुस्तक मोठ्याने वाचले जावे. शिकार, मासे, शेत, अस्वल, पूर आणि उपासमार हे सगळे त्यात एका कुटुंबाच्या जगण्याचा भाग म्हणून येते. निसर्ग म्हणजे सहलीचे ठिकाण अशी समजूत त्यातून आपोआप गळून पडते. हरणाच्या पिलाचे पुढे काय होते हे मुलाला आधी सांगू नये.

जिम कॉर्बेटला मराठी वाचक नरभक्षक वाघांमुळे ओळखतो. ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं’ १९४४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातल्या वाघांच्या गोष्टींमध्ये एक प्रकरण माशाचे आहे, ‘द फिश ऑफ माय ड्रीम्स’. हिमालयाच्या पायथ्याच्या नदीत महसीर धरण्याचा तो अनुभव. वाघांची उत्कंठा लागलेले वाचक ते प्रकरण ओलांडून जातात. गळाच्या मासेमारीवर भारतात लिहिल्या गेलेल्या उत्तम पानांमध्ये त्याची गणना व्हावी, कारण कॉर्बेटचे लक्ष माशाइतकेच काठावरच्या झाडांवर, पक्ष्यांवर आणि पाण्याच्या ओढीवर आहे. कॉर्बेटचे मराठी अनुवाद मिळतात. विकत घेण्यापूर्वी अनुक्रमणिका उघडून हे प्रकरण ठेवले आहे की वगळले आहे ते पाहावे.

महसीरचा उल्लेख आला की पुण्याच्या वाचकाला लांब जाण्याचे कारण उरत नाही. दख्खनच्या महसीरचे शास्त्रीय वर्णन पुण्याच्या नदीवरूनच झाले. विल्यम हेन्री साइक्स हा मुंबई लष्करातला अधिकारी. १८२४ पासून सरकारसाठी दख्खनची सांख्यिकी माहिती जमवण्याचे काम त्याच्याकडे होते. पिके, लोकसंख्या, हवामान यांच्या नोंदी करता करता त्याने पक्षी आणि मासेही गोळा केले. पक्ष्यांची यादी १८३२ मध्ये लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीच्या कामकाजात आली, आणि माशांची वर्णने १८३९ मध्ये. दोन वर्षांनी तीच चित्रांसह सविस्तर छापली गेली. महसीरचा नमुना त्याने पुण्याच्या पूर्वेकडच्या मुळा-मुठेतला म्हणून नोंदवला आणि त्याला ‘खुद्री’ हे नाव दिले. आज तो ‘टोर खुद्री’ म्हणून जगभर ओळखला जातो.

साइक्सच्या माशांवरच्या या निबंधाचे मोल त्यातल्या नावांमुळे वाढते. साइक्सने स्थानिक लोकांकडून ऐकलेली नावेच रोमन लिपीत लिहून शास्त्रीय नावे म्हणून वापरली. खुद्री, कोलस, पोटेल, बोगट, फुलुंगी, मुल्ल्या, शिंगाळा, नुक्ता ही नावे आजही जागतिक याद्यांमध्ये आहेत, प्रत्येकापुढे ‘साइक्स, १८३९’ असे लिहिलेले. ज्या भोयांनी आणि कोळ्यांनी ही नावे सांगितली त्यांच्यापैकी कुणाचेही नाव कागदावर नाही. निबंध वाचताना एवढे ध्यानात ठेवणे हे वाचकाचे कर्तव्यच आहे : आपल्या नद्यांची पहिली मासेयादी एका इंग्रजाच्या सहीने छापली गेली असली, तरी तिचा अर्धा मजकूर मावळच्या नदीकाठच्या बोलीतला आहे.

नुक्त्याचे वर्णन सावकाश वाचावे आणि शेजारी चित्र ठेवावे. रोहूच्या कुळातला हा मासा. अंग तसेच लांबट. तोंडाशी आले की नजर थबकते. थुंथणीवर आडवी खोल खाच असते, त्या खाचेने तिचे दोन भाग होतात आणि वरचा भाग बोथट शिंगासारखा पुढे आलेला दिसतो. तोंड खालच्या अंगाला, खडकावरचे शेवाळ खरवडायला सोयीचे. साइक्सला तो इंद्रायणीत मिळाला. कृष्णा खोऱ्याबाहेर तो आढळत नाही आणि आज त्याची गणना धोक्यातल्या माशांत होते. पुण्यात जन्म काढलेल्यांपैकी बहुतेकांनी तो पाहिलेला नाही, कित्येकांनी नावही ऐकलेले नाही. केवळ या एका माशासाठी साइक्सचा निबंध उघडावा.

साइक्सनंतरच्या याद्या लावून वाचल्या की पुण्याच्या नद्यांचा इतिहासच समोर येतो. ए. जी. एल. फ्रेझर यांनी १९४२ मध्ये ‘फिश ऑफ पूना’ या नावाने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये लिहिले. त्याच सुमारास सुंदरलाल होरा यांची भारतातल्या शिकारीच्या माशांवरची लेखमाला त्याच जर्नलमध्ये चालू होती. गळवाल्या वाचकाला ती विशेष रुचेल. पुढे २००३ मध्ये वाघ आणि घाटे यांनी मुळा-मुठेच्या माशांची नवी यादी प्रसिद्ध केली. एका कागदावर तीन रकाने करावेत, १८३९, १९४२ आणि २००३, आणि नावे समोरासमोर मांडावीत. कोणता मासा कुठल्या रकान्यापासून दिसेनासा झाला आणि कोणता नव्याने आला, हे उघडे पडते. त्यामागची कारणे शोधायला धरणांच्या तारखा शेजारी लिहाव्यात : मुठेवर खडकवासला १८७९, मुळेवर टाटांचे मुळशी विसाच्या दशकात, पानशेत त्यानंतर. महसीरसारखा मासा विणीसाठी प्रवाहाविरुद्ध वर चढतो. भिंत आडवी आली की वाट संपते. वाळूउपसा, सांडपाणी आणि चिलापीसारखे बाहेरून आलेले मासे यांनी उरलेले काम केले. शास्त्रीय नावे काळाप्रमाणे बदललेली आढळतात, त्यामुळे दोन नावे एकाच माशाची आहेत का हे ‘फिशबेस’ या संगणकीय कोशात तपासून मगच नोंद करावी.

टोर खुद्रीची पुढची हकीकत पुणेकरांनी आवर्जून माहीत करून घ्यावी. लोणावळ्याजवळ वळवणला टाटा पॉवरने सत्तरच्या दशकात महसीरची पैदास सुरू केली आणि तिथली बोटुकली देशभरच्या नद्या-तलावांत सोडली गेली. हे काम चांगल्या हेतूने झाले आणि दख्खनच्या महसीरला त्याचा आधारही मिळाला. कावेरीत मात्र तिथला स्वतःचा मोठ्या कुबडाचा महसीर होता. बाहेरून आणलेल्या माशांच्या गर्दीत तो मागे पडत गेला. २०१८ मध्ये त्याची ओळख ‘टोर रेमादेवी’ म्हणून पक्की झाली तेव्हा तो अतिसंकटग्रस्त ठरला होता. १९४६ मध्ये काबिनी नदीत गळाला लागलेला १२० पौंडांचा विक्रमी महसीर जुन्या पुस्तकांतून वाचकाला भेटतो. तो या दक्षिणी महसीरांच्या वैभवाच्या काळातला. ‘नदीत मासे सोडले’ अशी बातमी वाचली की कोणते मासे, कुठून आणले, हा पहिला प्रश्न असावा.

गळाच्या मासेमारीवरची इंग्रजी अमदानीतली पुस्तके या पार्श्वभूमीवर वाचावीत. मद्रास इलाख्यातले मुलकी अधिकारी एच. एस. थॉमस यांचे ‘द रॉड इन इंडिया’ १८७३ चे; त्यांचेच तलावांवरचे ‘टँक अँगलिंग इन इंडिया’ १८८७ चे. माशांच्या ओळखीसाठी फ्रान्सिस डे यांचे ‘द फिशेस ऑफ इंडिया’, १८७५ ते १८७८ या काळात भागाभागाने निघालेले. त्यातली चित्रे आजही संदर्भ म्हणून पाहिली जातात. थॉमस यांच्याकडून हंगाम, पाण्याचा रंग, आमिष आणि माशाची सवय यांची सांगड कशी घालायची ते शिकता येते. त्यातली पकडींची वर्णने मात्र त्या काळाची आहेत. मासे संपू शकतात ही जाणीव आजच्या इतकी तीव्र नव्हती, आणि स्थानिक कोळी बहुधा गळाचे सामान वाहणारा म्हणूनच दिसतो. दोन्ही गोष्टी लक्षात ठेवूनच ती वाचावीत.

पुस्तक वाचून काठावर जाणाऱ्याने काही व्यवहार आधी समजून घ्यावेत. धरणे आणि तलाव यांतली मासेमारी ठेक्याने दिलेली असते, पुष्कळदा मच्छीमार सहकारी संस्थांना. हौसेचा गळ टाकायलाही त्या संस्थेची किंवा संबंधित खात्याची परवानगी लागते; जाऊन विचारणे हाच मार्ग. देहूला इंद्रायणीच्या डोहातले मासे भाविक मारत नाहीत. महाडजवळ वाळण कोंडीला आणि वाडा तालुक्यात वैतरणेकाठच्या तिळसे इथेही देवाचे मासे म्हणून महसीर राखले गेले आहेत. अशा ठिकाणी गळ घेऊन जाऊ नये. खाऊ घातलेले मोठे मासे अगदी जवळून पाहायला मिळतात, आणि महसीरचे खवले, मिशा, जाड ओठ यांचे पुस्तकातले वर्णन डोळ्यांनी पडताळता येते. धरणाच्या खालच्या अंगाला नदीपात्रात उतरताना पाणी सोडण्याची वेळ विचारून घ्यावी. पात्रातला कोरडा खडक काही मिनिटांत पाण्याखाली जाऊ शकतो.

पहिल्या पावसातल्या चढणीच्या माशांविषयी वेगळे सांगायला हवे. मृगाच्या सरी पडल्या, ओढे वाहू लागले की मासे अंडी घालायला उथळ पाण्याकडे वर चढतात आणि तेव्हा ते सहज हाती लागतात. गावागावांत हा आनंदाचा दिवस मानला जातो आणि लेखनातही त्याची वर्णने येतात. घरच्या कालवणापुरते चार मासे धरणे ही जुनी रीत. ओढ्याचे तोंडच जाळ्याने बंद करणे ही नवी. गाभोळीने भरलेली मादी गेली की पुढच्या वर्षीचे मासे गेले. हौशी माणसाने या दिवसांत गळ घरी ठेवून नुसते पाहायला जावे. खळाळत्या उताराविरुद्ध अंग आपटत चढणारे मासे पाहणे हा धरण्याइतकाच मोठा अनुभव आहे.

मासे दिसत नाहीत तेव्हा पक्षी दिसतात, आणि पाण्याची तब्येत तेच आधी सांगतात. सलीम अलींचे ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ १९४१ पासून वापरात आहे. पुण्यासाठी त्याच्या जोडीला किरण पुरंदरे यांचे ‘मुठेवरचा धोबी’ ठेवावे. शहरातून जाणाऱ्या, मैल्याने भरलेल्या नदीतही पाहण्यासारखे किती आहे, हे ते शिकवते. ही पुस्तके घेऊन हिवाळ्यात लोणी काळभोरजवळच्या कवडीपाटला सकाळी लवकर जावे, किंवा उजनीच्या फुगवट्यावर भिगवणला. भिगवणला पक्षी दाखवणारे बरेचसे नावाडी मूळचे मच्छीमार. रोहित दिसले की पर्यटकांचा प्रश्नांचा ओघ थांबतो. तिथे थांबू नये. नावाड्याला पाण्याविषयी विचारावे. जाळ्याचा आस केवढा, पूर्वी कोणता मासा येत असे, आता कोणता येतो, चिलापी कधीपासून वाढली. ही उत्तरे कोणत्याही पुस्तकात छापलेली नाहीत. ती तारखेसह आणि सांगणाऱ्याच्या परवानगीने वहीत उतरवली, तर साइक्सच्या निबंधात जे राहून गेले ते काही अंशी भरून निघेल.

माधव गाडगीळ यांचे ‘सह्याचला आणि मी : एक प्रेमकहाणी’ हे आत्मचरित्र या सगळ्या वाचनानंतर घ्यावे. पुण्यात वाढलेला मुलगा पक्षी पाहता पाहता पश्चिम घाटाचा अभ्यासक कसा झाला, हे त्यात आहेच. रान, पाणी आणि तिथल्या लोकांचे हक्क हे प्रश्न एकत्रच का सोडवावे लागतात, याची मांडणीही आहे. त्यांच्या निष्कर्षांशी सहमत नसलेल्यानेही ते वाचावे, कारण वाद नेमका कशावर आहे ते त्यातून स्पष्ट होते.

पुस्तके मिळवण्यासाठी अप्पा बळवंत चौक हाताशी आहेच. चितमपल्ली, माडगूळकर, गोनीदा आणि ‘पाडस’ तिथे सहसा मिळून जातात. छपाईत नसलेल्या पुस्तकांसाठी १८४८ मध्ये स्थापन झालेले पुणे नगर वाचन मंदिर आणि १९११ चे पुणे मराठी ग्रंथालय यांची वर्गणी भरणे शहाणपणाचे. जुन्या मराठी पुस्तकांच्या पहिल्या आवृत्त्या शक्य तिथे पाहाव्यात. रेखाटने आणि मांडणी नव्या आवृत्तीत नेहमीच तशीच राहते असे नाही, आणि माडगूळकरांसारख्या चित्रकार लेखकाच्या बाबतीत हा तोटा लहान नसतो. साइक्स, डे, थॉमस यांच्या पुस्तकांसाठी हजारो रुपये मोजण्याचे कारण नाही. त्यांचा स्वामित्वहक्क केव्हाच संपला आहे आणि बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी व इंटरनेट अर्काइव्ह यांवर ती चित्रांसह विनामूल्य वाचता येतात. शोधताना ‘दख्खन’ हा शब्द साइक्सच्या स्पेलिंगने, म्हणजे डी-यू-के-एच-यू-एन असा लिहावा. आजच्या स्पेलिंगने तो निबंध सापडत नाही. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलचे जुने अंकही बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीवर आहेत, त्यामुळे फ्रेझर आणि होरा यांचे लेख घरी बसून मिळतात. चित्रांची पाने छापून घ्यावीत, प्लॅस्टिकच्या पाकिटात घालावीत आणि नदीवर जाताना बरोबर न्यावीत.